आकाशानं उचललेलं ओझं



एवढ्या पावसातही तुम्ही आलात. इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी आत्ता टीव्हीवर सिग्नल गेल्याची पाटी झळकत असणार. सभागृह भरलंय ते त्यामुळेच की काय, अशी मला शंका आहे. (हशा) पाऊस आला की डिश का जाते, याचं उत्तर आज मिळेल. पण त्याआधी मला काय म्हणायचंय ते सांगूनच टाकतो, म्हणजे कुणाला लवकर उठायचं असलं तरी काही बिघडणार नाही.

उपग्रह संदेशवहनाचा इतिहास म्हणजे ओझं कोणी वाहायचं याचा इतिहास. आकाशातला उपग्रह दुबळा असला, तर जमिनीवरच्या माणसाला अवाढव्य यंत्रं उभारावी लागतात. उपग्रह दांडगा झाला, की खालचा माणूस हातभर छत्रीवर भागवतो. गेल्या साठ वर्षांत हे ओझं हळूहळू वर चढत गेलं आणि ते चढलं म्हणूनच उपग्रह खेड्यापाड्यांत पोचला. मात्र ओझ्याबरोबर आणखीही काहीतरी वर गेलं. त्याच्याकडे शेवटी येतो. तर मुद्दे तीन : उंची, ओझं आणि मालकी.

पहिला मुद्दा उंचीचा. मुळात उपग्रह लागतो कशाला? पृथ्वी गोल आहे म्हणून. रेडिओलहरी सरळ रेषेत जातात. पुण्याहून निघालेली लहर लंडनच्या दिशेनं जाईपर्यंत खालची जमीन वळून गेलेली असते. मग उपग्रह नव्हते तेव्हा आपण परदेशाशी बोलत होतो ते कसं? याचं उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. १९२७ साली खडकीला संदेश पाठवणारं आणि दौंडला संदेश घेणारं अशी दोन बिनतारी केंद्रं सुरू झाली आणि हिंदुस्थान इंग्लंडशी जोडला गेला. वातावरणात बऱ्याच उंचीवर विद्युतभारित थर आहे, त्याला आयनांबर म्हणतात. लघुलहरी त्याच्यावर आपटून खाली येतात. त्या उसळीवर हा सगळा कारभार चाले. पुढं त्याच वाटेनं टेलिफोनही आला.

पण हा थर सूर्याच्या मर्जीवर जगतो. दिवसा त्याची तऱ्हा वेगळी, रात्री वेगळी आणि सूर्यावर वादळ झालं की संपर्कच तुटायचा. परदेशी ट्रंककॉल नोंदवून ताटकळलेली आणि मग फोनमध्ये ओरडून घसा बसलेली माणसं या सभागृहातही असतील. समुद्राखालून केबल टाकता येत होती, पण १९५६ साली अटलांटिकखालून गेलेल्या पहिल्या टेलिफोन केबलमधून एका वेळी ३६ संभाषणं चालत. दोन खंडांमध्ये मिळून छत्तीस!

निसर्गानं वर टांगलेला आरसा असा बेभरवशाचा, तर मग आपलाच एक टांगला तर? ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात आर्थर सी. क्लार्क या तरुणानं याचा हिशोब मांडला. महायुद्धात त्यानं ब्रिटिश हवाई दलात रडारचं काम केलं होतं. त्याचा युक्तिवाद शाळकरी पोरालाही पटेल असा आहे. पाचशे किलोमीटरवरचा उपग्रह पृथ्वीभोवती सुमारे दीड तासात एक फेरी मारतो. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, त्याला सत्तावीस दिवस लागतात. मग या दोहोंच्या मध्ये कुठंतरी अशी उंची असलीच पाहिजे, की जिथं फेरीला एक दिवस लागेल. ती उंची आहे ३५,७८६ किलोमीटर. विषुववृत्ताच्या बरोबर वर, या उंचीवर ठेवलेला उपग्रह जमिनीच्या बरोबरीनं फिरतो आणि म्हणून आपल्याला जागेवर खिळल्यासारखा दिसतो. असे तीन उपग्रह ठेवले, की ध्रुवांकडचा भाग सोडून सगळं जग टप्प्यात येतं.

क्लार्कच्या कल्पनेतले उपग्रह म्हणजे चांगली मोठी स्थानकं होती आणि त्यांत माणसं राहणार होती. कशाला? तर रेडिओचे व्हॉल्व्ह उडाले की बदलायला! ट्रान्झिस्टर जन्माला यायला अजून दोन वर्षं होती. भूमिती तंतोतंत बरोबर निघाली, वायरमनची पोस्ट मात्र भरावी लागली नाही. (हशा)

या उंचीची किंमतही मोजावी लागते. वर जाऊन खाली यायचं म्हणजे एकाहत्तर हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास. प्रकाशाच्या वेगानंही त्याला पाव सेकंद लागतो. तुमचा प्रश्न पोचायला पाव आणि त्याचं उत्तर यायला पाव, असा अर्धा सेकंद. ऐकायला तो किती क्षुल्लक वाटतो! पण संभाषणात अर्धा सेकंद म्हणजे समोरच्याला राग आला की काय असं वाटण्याइतका वेळ असतो. टीव्हीवर स्टुडिओतली निवेदिका प्रश्न विचारून मोकळी होते आणि दूरवरचा वार्ताहर कानात बोट घालून, मान डोलावत, काही न बोलता उभा राहतो. तो विचार करत नसतो, प्रश्न अजून त्याच्या वाटेवर असतो.

आता दुसरा मुद्दा, ओझ्याचा. इथं जरा रेंगाळणार आहे.

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला. तो वरून नुसता बीप-बीप करायचा. १९६० साली अमेरिकेनं ‘एको’ नावाचा फुगा सोडला. तीस मीटर व्यासाचा, चकचकीत मुलामा दिलेला. खालून लहर मारायची, ती फुग्यावर आपटून परत येईल ती पकडायची. फुगा स्वतः काहीच करत नव्हता, सगळा भार जमिनीवर.

खरा आरंभ १० जुलै १९६२ चा. त्या दिवशी टेलस्टार वर गेला. तो आलेला संदेश घ्यायचा, वाढवायचा आणि परत पाठवायचा. वजन ७७ किलो, संदेश पाठवण्याची ताकद तीन वॅटपेक्षा कमी. रात्री झोपताना आपण जो मिणमिणता दिवा लावतो, तेवढी! हजारो किलोमीटरवरून येणारी ती कुजबुज ऐकण्यासाठी इंग्लंडच्या टोकाला गूनहिली इथं २६ मीटर व्यासाची, हजार टनांहून जड डिश उभी केली होती. वर ७७ किलो आणि खाली हजार टन. ओझं कोणाच्या खांद्यावर होतं ते दिसतंच आहे.

पहिल्या रात्री काय झालं? अमेरिकेहून चित्र निघालं. ते फ्रान्सच्या केंद्रावर स्वच्छ उमटलं आणि गूनहिलीला जेमतेम, फिसकटलेलं. लहर कोणत्या दिशेनं पीळ घेत येते याची व्याख्या अटलांटिकच्या दोन तीरांवर वेगवेगळी होती. इंग्रजांनी अँटेना आपल्या व्याख्येप्रमाणं बसवला होता, तो उलटा निघाला. एवढं मोठं यंत्र आणि गाडं अडलं डाव्या-उजव्यावर.

टेलस्टार काही भूस्थिर नव्हता. फेरीला त्याला दोन तास सदतीस मिनिटं लागत आणि त्यातली वीसेक मिनिटंच तो दोन्ही खंडांना एकाच वेळी दिसे. तेवढ्यात हजार टनांची डिश फिरवत त्याचा पाठलाग करायचा. ही धावाधाव थांबवली ह्यूज कंपनीतल्या हॅरॉल्ड रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा सिनकॉम-२ जुलै १९६३ मध्ये वर गेला आणि पृथ्वीच्या ठेक्यात फिरू लागला. ऑगस्टमध्ये त्यावरून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी नायजेरियाचे पंतप्रधान बालेवा यांच्याशी बोलले. ६ एप्रिल १९६५ ला ‘अर्ली बर्ड’ गेला. तो पहिला व्यापारी उपग्रह. त्याची क्षमता २४० टेलिफोन संभाषणं किंवा एक टीव्ही वाहिनी. म्हणजे टीव्हीवर कार्यक्रम दाखवायचा तर फोन बंद!

या उपग्रहांच्या पोटात असतं काय? ट्रान्सपाँडर. खालून आलेली क्षीण लहर तो घेतो, तिची कंप्रता बदलतो, तिला बळ देतो आणि परत पाठवतो. कंप्रता का बदलायची? माणूस स्वतःच ओरडत असेल तर शेजारच्याची कुजबुज त्याला ऐकू येईल का? उपग्रहाचंही तेच. ऐकायचं एका पट्टीत आणि बोलायचं दुसऱ्या. म्हणून ६ गिगाहर्ट्‌झवर ऐकून ४ वर बोलणारे उपग्रह आले. त्यालाच सी बँड म्हणतात.

भारत या व्यवहारात आला तो आपल्या जुन्नर तालुक्यातून. नारायणगावाजवळच्या आर्वीला फेब्रुवारी १९७१ मध्ये देशातलं पहिलं व्यापारी भू-केंद्र सुरू झालं. सुमारे तीस मीटर व्यासाची डिश, हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून. ज्यांच्या पुढाकारानं ते झालं त्या विक्रम साराभाईंचं त्याच वर्षी ३० डिसेंबरला निधन झालं आणि केंद्राला त्यांचंच नाव मिळालं. आता विसंगती पाहा. आर्वी गाव उपग्रहानं जगाशी जोडलं गेलं, तेव्हा मुंबईत दूरदर्शन नव्हतं! ते आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्याला सिंहगडावरून चित्र दिसू लागलं ते त्यानंतरच्या वर्षी.

पण आर्वीसारखी तीस मीटरची डिश गावोगाव बसवता येईल का? अर्थातच नाही. साराभाईंचा विचार इथंच वेगळा पडतो. सगळ्या देशांत टीव्ही आधी शहरात येतो, मग टॉवरमागून टॉवर उभारत कधीतरी खेड्यात पोचतो. साराभाईंचं म्हणणं, आपण क्रम उलटा करू. खेड्यापासून सुरुवात करू. उपग्रहाला अंतराशी देणंघेणं नसतं. त्याच्या छत्राखाली दिल्ली आणि आदिवासी पाडा सारख्याच अंतरावर असतात. अट एकच, गावातली डिश गावाला परवडली पाहिजे. म्हणजे भार वरच्यानं उचलला पाहिजे.

तसा उपग्रह नासा बनवत होती, एटीएस-६. घडी घालून वर नेलेला त्याचा अँटेना अवकाशात उलगडे आणि सुमारे नऊ मीटरचा होई. १९६९ मध्ये भारताच्या अणुऊर्जा खात्यानं नासाशी करार केला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, वर्षभर हा उपग्रह आपल्याला मिळाला. प्रयोगाचं नाव ‘साइट’. सहा राज्यांतली २,४०० गावं, त्यांतली बहुतेक मागास जिल्ह्यांतली. महाराष्ट्रातलं गाव त्यात नव्हतं, पण प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी : शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. एकाच चित्राबरोबर दोन ध्वनी पाठवायची सोय होती, म्हणजे चित्र तेच, पण आंध्रातल्या गावाला तेलुगू ऐकू येई आणि कर्नाटकातल्या गावाला कन्नड.

आणि गावातली डिश कशी होती? तीन मीटरची. आणि कशाची? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची! लोकांना वाटायचं, जाळीतून सिग्नल गळून जाणार नाही का? नाही जात. त्या लहरीची लांबी होती सुमारे ३५ सेंटिमीटर. लहर एवढी लांब आणि जाळीचं भोक बोटभर, तेव्हा लहरीच्या दृष्टीनं ती जाळी म्हणजे अखंड पत्राच. गावातल्या कारागिरालाही दुरुस्त करता येईल अशी, वाऱ्याला न अडवणारी स्वस्त डिश. ही जाळी चालली, कारण वर नऊ मीटरची छत्री उघडलेली होती.

आता तुमच्या पावसाचं उत्तर. आज घरावरची डिश साठ-सत्तर सेंटिमीटरची असते. ती एवढी लहान का चालते? एक तर आजचे उपग्रह दांडगे आहेत आणि दुसरं म्हणजे लहर आखूड घेतली आहे, जेमतेम अडीच सेंटिमीटरची. हा केयू बँड. लहर आखूड असली की लहान डिशलाही ती नेमकी झेलता येते. पण पावसाचा थेंब असतो काही मिलिमीटरचा. पस्तीस सेंटिमीटरच्या लहरीला तो दिसतही नाही. अडीच सेंटिमीटरच्या लहरीला मात्र मुसळधार पावसातले लाखो थेंब शोषतात, विखुरतात. तेव्हा पुढच्या वेळी ऐन सामन्यात डिश गेली, तर केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला शिव्या देऊ नका. (हशा) छत्री लहान हवी ही आपलीच हौस.

तिसरा मुद्दा मालकीचा.

३१ जुलै १९७६ ला काय झालं? प्रयोगाची मुदत संपली आणि नासानं आपला उपग्रह परत नेला. करारच तसा होता, त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. पण वर्षभर रोज संध्याकाळी ज्या संचांसमोर गावं जमत होती, त्यांना उपग्रहावरून मिळणारं चित्र थांबलं. खाली जाळ्या होत्या, संच होते, बघणारी माणसं होती. वरचं निघून गेलं आणि सगळं ठप्प. ओझ्याबरोबर वर गेलेली गोष्ट म्हणतो ती हीच. आपण भार वर पाठवला, त्याबरोबर चालू-बंदचं बटणही वर गेलं.

मग पुढची पायरी उघड होती. बटण आपलं हवं, तर उपग्रह आपला हवा. युरोपच्या एरियान रॉकेटच्या चाचणी-उड्डाणात जागा मिळाली आणि १९ जून १९८१ ला आपला ‘ॲपल’ वर गेला. त्याचं ते बैलगाडीवरचं छायाचित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पाहून काहींना हसू येतं, काहींना अभिमान वाटतो. खरं कारण साधं आहे. अँटेनाची चाचणी करायची होती आणि लोखंडी ट्रकवर ठेवला असता, तर ट्रकच्या पत्र्यानं लहरींचा घोळ केला असता. लाकडी बैलगाडी त्या कामाला योग्य होती. ती गरिबी नव्हती, ते भौतिकशास्त्र होतं. वर गेल्यावर ॲपलचा एक सौरपंखा उघडलाच नाही. तरी इस्रोच्या लोकांनी तो दोन वर्षांहून अधिक काळ चालवला.

पुढं आली इन्सॅट ही उपग्रहमालिका. तिच्यातला इन्सॅट-१अ १९८२ साली काही महिन्यांतच निकामी झाला. इन्सॅट-१ब ३० ऑगस्ट १९८३ ला अमेरिकेच्या चॅलेंजर शटलमधून गेला आणि त्यानं देशाचा चेहरा बदलला. एकाच उपग्रहात टीव्ही, टेलिफोन आणि ढगांची छायाचित्रं काढणारा कॅमेरा. ठिकठिकाणी लहान प्रक्षेपकांचे मनोरे उभे राहिले आणि तालुक्याच्या गावाला रात्रीचं दूरदर्शन दिसू लागलं. हे उपग्रह अमेरिकेत बनवलेले होते. भारतात बनलेला इन्सॅट-२अ जुलै १९९२ मध्ये गेला.

पण सीमा ओलांडायला उपग्रहाला व्हिसा लागत नाही. ‘वेस्टार-६’ नावाचा उपग्रह १९८४ मध्ये चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शटलमधल्या अंतराळवीरांनी तो पकडून परत आणला. डागडुजी करून १९९० मध्ये चीनच्या रॉकेटनं तो पुन्हा वर गेला, नाव बदलून ‘एशियासॅट-१’. भंगारातून वाचलेल्या त्या उपग्रहावरून १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. आपल्या गच्च्यांवर केबलवाल्यांच्या डिश उगवल्या त्या याच उपग्रहाकडे बघत. सरकारी दूरदर्शनची मक्तेदारी कायद्यानं मोडली नाही, ती डोक्यावरून गेली.

मग डोक्यावरचं आकाश कोणाचं? हा प्रश्न १९७६ मध्येच उभा राहिला होता. विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटा इथं जाहीर केलं, की भूस्थिर कक्षेचा आमच्यावरचा तुकडा आमच्या मालकीचा. जगानं तो दावा मानला नाही. पण त्यांची भीती खोटी होती का? कक्षेत जागा मोजकी आणि आधी पोचेल तो बसेल, असं झालं तर गरीब देशांनी उरलेल्या कोपऱ्यात उभं राहायचं का?

आज हा प्रश्न खालच्या कक्षेत आला आहे. ‘इरिडियम’नं १९९८ मध्ये ६६ उपग्रहांवर जगभर चालणारा फोन सुरू केला आणि पुढच्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. २०१९ पासून स्टारलिंकनं सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर हजारो उपग्रह पाठवले. जवळ असल्यानं तो अर्ध्या सेकंदाचा खोळंबा जवळजवळ संपला. पण खालचे उपग्रह जागेवर थांबत नाहीत, म्हणून हजारो लागतात. हजारो उपग्रह पाठवायची ऐपत किती जणांची? २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात या जाळ्यानं सैन्याला आणि नागरिकांना मोठाच आधार दिला. आणि कोणत्या भागात ते चालू ठेवायचं हे एका खासगी कंपनीचा मालक ठरवू शकतो, हेही तेव्हाच जगाला कळलं. वैऱ्यावर भरवसा नको हे सगळेच जाणतात. सेवा देणाऱ्या मित्राच्या हातातल्या बटणाचं काय?

घाबरून आपण पाठ फिरवावी असं मी म्हणत नाही. खंडाखंडांमधला इंटरनेटचा बहुतेक भार आज समुद्राखालच्या प्रकाशतंतूंवर आहे. उपग्रहाचं राज्य उरलंय ते तार आणि टॉवर जिथं पोचत नाहीत तिथं. आपल्याच किनाऱ्याचं बघा. बोट बंदर सोडून दूर गेली, की मोबाइलचा टॉवर मागं राहतो आणि तांडेल एकटा पडतो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला एक देशव्यापी योजना सुरू झाली. टप्प्याटप्प्यानं एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी. वादळाचा इशारा बोटीवर जाईल आणि संकटात सापडलेल्या बोटीचा निरोप किनाऱ्यावर येईल. तंत्र इस्रोचं आहे. बोटीवरचं यंत्र छोटं असू शकतं, कारण वर जीसॅट-६ चा सहा मीटरचा अँटेना उघडलेला आहे. साइटचंच सूत्र : भार वर, खाली परवडेल एवढंच. फरक एवढाच, की इथं बटण आपल्याकडे आहे.

तेव्हा समारोप करतो. उंचीचा प्रश्न क्लार्कनं कागदावर सोडवला आणि रोझेननं प्रत्यक्षात. ओझ्याचा प्रश्न तंत्रज्ञांनी सोडवत आणला आहे, हजार टनांपासून हातभर छत्रीपर्यंत. मालकीचा प्रश्न तंत्रज्ञ सोडवू शकत नाहीत. तो आपला आहे, मत देणाऱ्यांचा आणि कर भरणाऱ्यांचा. उपग्रह इंटरनेटच्या जाहिराती आता दारात येतील. वेग किती आणि महिन्याचे पैसे किती, हे आपण विचारूच. त्याच्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हे बंद करायचा अधिकार कोणाकडे आहे? आणि ज्या वाडीला आजवर काहीच पोचलं नाही, ती या यादीत कितव्या क्रमांकावर आहे? पन्नास वर्षांपूर्वी गरीब देशानं, उसन्या उपग्रहावर, ती गावं यादीत सगळ्यात वर ठेवली होती. आज उपग्रह आपले आहेत. यादी उलटी लावायला मग कोणतं कारण देणार?